गर्जन लिहिणाऱ्या लताताई

लताताई सोनकांबळे रस्त्यानं चालताना बोलत असत. बरोबर कुणी नसे. लातूरच्या कचेरीतून सुटल्या की गंजगोलाईकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेनं त्या निघत, पिशवी खांद्याला, पदर कमरेला खोचलेला, आणि ओठ हलत असत. मधेच थांबत, कुणी काही विचारल्यासारखी मान वळवत, आणि मग त्याला उत्तर देत. भाजी विकायला बसणाऱ्या बायका आधी हसायच्या, पुढे त्यांना सवय झाली. एकीनं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, की या बाईचं घरचं कुणी गेलंय का. मी सांगितलं की तसं काही नाही, बाई गोष्टी लिहितात. तिला ते कारण पुरेसं वाटलेलं दिसलं नाही.

ताई जे बोलत ते गर्जनचे संवाद असत. गर्जन आता कुणाच्या लक्षात असणार नाही. नांदेडच्या एका छापखान्यातून दर महिन्याला मुलांसाठी चित्रकथेचं पुस्तक निघायचं, एस.टी. स्टँडवर, जत्रेत, शाळेशेजारच्या दुकानात दोरीला लटकवून विकलं जायचं, त्याचा हा नायक. त्याच्या आवाजात ताकद. तो ओरडला की खडक फुटत, दरवाजे निखळून पडत. आणि एरवी तो एका स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायचा आणि इतक्या हळू बोलायचा की गाडी कधी आहे हे कळायला लोकांना जाळीला कान लावावा लागायचा. आपल्या आवाजानं कुणाला तरी इजा होईल, ही धास्ती त्याच्या मनातून कधीच गेली नाही.

त्याची चित्रं मी काढायचो. मी मूळचा हदगावचा, दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता नांदेडच्या त्या छापखान्यात आलो, म्हणून ताई मला पेंटर म्हणत. गोष्ट त्यांची, फुग्यांतला मजकूर त्यांचा. मुखपृष्ठावर मात्र नाव असायचं एल. एस. नायगावकर. ताईंनी पहिली गोष्ट पोस्टानं पाठवली तेव्हा खाली स्वतःचं खरं नाव लिहिलं होतं. छापखान्याचे मालक, ज्यांना आम्ही सगळे भाऊसाहेब म्हणायचो, त्यांनी ते बदललं. गावाचं नाव शोभून दिसतं, असं ते म्हणाले. बाईचं नाव आणि त्यात हे आडनाव, चार घरांत पुस्तक आत घेणार नाहीत, हे ते बोलले नाहीत. ताईंनीही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही नव्हतंच, दोघांना ठाऊक होतं.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. पाट्या नव्या कोऱ्या आणि बाकी सगळं जुनं किंवा उसनं. कचेऱ्या भाड्याच्या इमारतींत, टेबलं दुसऱ्या जिल्ह्यातून ट्रकनं आलेली, माणसं चारी दिशांहून बदलून आलेली. शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं नाव काय, हे विचारायचीही चोरी. त्या गर्दीत ताई नायगावहून टंकलेखक म्हणून आल्या. वडील मजुरी करून गेले, पण दोन्ही मुलींना शाळेत घालून गेले. धाकटी बहीण चाकूरजवळच्या खेड्यात दिलेली. ताई म्हाताऱ्या आईला घेऊन एका खोलीत राहत. खोलीत बुद्धाची तसबीर, एक स्टोव्ह आणि जुन्या कॅलेंडरांचा गठ्ठा. कॅलेंडरच्या पानांच्या पाठकोऱ्या बाजूवर त्या चौकटी आखून लिहीत. कचेरीतला खराब झालेला कागदसुद्धा त्यांनी कधी घरी आणला नाही.

आईला ऐकायला फार कमी यायचं. त्यामुळे घरात ताईंचा आवाज तीन घरं पलीकडे जायचा. "भाकर खाल्ली का" हे सबंध गल्लीला कळायचं. कचेरीत मात्र त्यांचा आवाज मी कधी नीट ऐकला नाही. साहेबांनी काही विचारलं तर मान हलवायच्या, फार तर एखादा शब्द. मी एकदा चित्रं घेऊन कचेरीत गेलो, तेव्हा तिथल्या शिपायानं मला सांगितलं की बाई फार गरीब स्वभावाच्या आहेत. त्याच संध्याकाळी त्यांच्या खोलीवर त्यांनी माझ्या सहा चित्रांपैकी चार परत केली.

दर महिन्याला मी नांदेडहून लातूरची गाडी पकडायचो आणि पेन्सिलीनं काढलेली चित्रं त्यांना दाखवून आणायचो. शाई लावायच्या आधी त्यांची नजर फिरली पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. त्या चित्र चांगलं की वाईट हे कधी सांगत नसत. त्या विचारत, हा इथं कामून उभा हाय? सुरुवातीला मी गर्जनला प्रत्येक चौकटीत मधोमध काढायचो, छाती पुढे, पाय फाकवून. नायक म्हणजे तो मधेच असायचा. ताईंनी पेन्सिलीनं बारीकसा बाण काढून त्याला दाराशी नेऊन ठेवलं. ज्याला आपल्याच आवाजाची भीती वाटते तो माणसांच्या मधे कसा जाऊन उभा राहील, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून माझा गर्जन कडेला उभा राहू लागला, आणि गंमत अशी की वाचणाऱ्याची नजर आधी कडेला जाऊ लागली.

छापखान्याचे आणखी तीन नायक होते. अंधारात विरघळून जाणारी सावली नावाची मुलगी, वाऱ्याच्या वेगानं पळणारा वारू, आणि भिंतीपलीकडचं, जमिनीखालचं दिसणारा डोळस. यांची पुस्तकं भाऊसाहेबांचे मेव्हणे लिहायचे. साधा, कष्टाळू माणूस, शाळेत गणित शिकवून उरलेल्या वेळात लिहायचा. भाऊसाहेबांच्या मनात आलं की चौघांना एकत्र आणून आणखी एक पुस्तक काढावं. नाव ठेवलं वीरमंडळ. खिळे जुळवणाऱ्या आमच्या माणसाला ते गणपतीच्या मंडळासारखं वाटलं, पण त्याचं कुणी ऐकलं नाही. पुस्तक लिहिलं मेव्हण्यांनी.

ते निघालं आणि पुढच्याच रविवारी ताई नांदेडला आल्या. मी त्यांना छापखान्याच्या पायऱ्या चढताना बघितलं आणि आत जाऊन खुर्ची पुसली. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. पुस्तक टेबलावर उघडं ठेवून त्यांनी विचारलं की हा कोण. मेव्हण्यांच्या पुस्तकातला गर्जन सगळ्यांना हुकूम सोडायचा, विनोद करायचा, कमरेवर हात ठेवून हसायचा. खिडकीत बसून पुटपुटणाऱ्या माणसाचा त्यात मागमूस नव्हता. आणि दुसऱ्याच पानावर त्याच्या डोक्यात दगड पडायचा, तो बेशुद्ध, आणि शेवटच्या पानावर शुद्धीवर येऊन तो एकदा ओरडायचा की राक्षस खलास.

ताईंनी विचारलं, दर महिन्याला याच्या डोक्यात दगड टाकणार का?

मेव्हणे रागावले नाहीत. हात जोडल्यासारखे करून ते म्हणाले, "बाई, तुमचा गर्जन एकदा ओरडला की माझी गोष्ट संपती. बाकीच्या तिघांना मी काम काय देऊ? म्हणून झोपवतो त्याला."

 मग ताई खुर्चीवर बसल्या. त्यांनी मान्य केलं की हा प्रश्न खरा आहे, आणि तो आपल्याला सुचला नव्हता. चहा आला, तो त्यांनी थंड होऊ दिला. जाताना म्हणाल्या की पुढचं मंडळाचं पुस्तक मी लिहून बघते, मेव्हण्यांनी बाकीच्या तिघांचे स्वभाव मला सांगावेत. मेव्हणे त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेले आणि वाटभर सावलीबद्दल बोलत राहिले. तिच्यावर त्यांचा जीव होता.

त्या महिन्यात ताई रस्त्यानं चौघांच्या आवाजात बोलल्या असणार.

त्यांनी जी गोष्ट आणली तिच्यात जुन्या किल्ल्याखालच्या भुयारात शाळेची सहल अडकते. भुयाराचं छत इतकं पोकळ की मोठ्यानं खोकलं तरी माती गळते. म्हणजे सगळ्यांत ताकदवान माणसानं तिथं तोंड उघडायचं नाही. तो कंदील धरून मागे चालतो. डोळस वाट सांगतो, सावली फटीतून पलीकडे जाते, वारू एकेका मुलाला बाहेर नेतो, आणि गर्जन ओठ घट्ट मिटून पोरांच्या डोक्यावर हात धरून माती झेलत उभा राहतो. शेवटी सगळे बाहेर आल्यावर एक धोंडा गडगडत खाली येतो, आणि तेव्हा कुठे त्याची पाळी येते. त्या चौकटीशी ताईंनी मला थांबवलं. मी त्याला आ वासून ओरडताना काढला होता. त्यांना त्याच्या आधी आणखी एक चौकट हवी होती, ज्यात तो फक्त मान वळवून मागे बघतो.

मी विचारलं, कामून?

"सगळ्यांनी कान झाकलेत का ते बघून राहिला," त्या म्हणाल्या. "पेंटर, एवढंच ध्यानात ठेवा. एकटा असला की तो ओरडतो. मंडळात असला की आधी मागं बघतो. एवढाच फरक. बाकी माणूस तोच राहिला पाहिजे."

पुढे गर्जनचं आणि मंडळाचं अशी दोन्ही पुस्तकं त्याच लिहू लागल्या, मेव्हणे बाकीच्यांची. दोन पुस्तकांत एक माणूस सांभाळणं म्हणजे काय, हे मला तेव्हा दिसलं. एकदा गर्जनच्या पुस्तकात त्याचा हात मोडला. त्याच महिन्याच्या वीरमंडळात ताईंनी मला त्याच्या हाताला पट्टी दाखवायला लावली. भाऊसाहेबांना ते पसंत पडलं नाही. मंडळाच्या गोष्टीत हात मोडल्याचा काहीच संबंध नाही आणि मुखपृष्ठावर पट्टी बांधलेला नायक बरा दिसत नाही, असं त्यांनी मला निरोप्या करून कळवलं. ताईंनी उलट निरोप दिला की पुस्तकं दोन असली तरी हात तोच हाय. पट्टी राहिली. मुलांची कार्डं आली, हात बरा झाला का म्हणून विचारणारी.

दुसरी एक अडचण त्यांना जास्त सतावत होती. उदगीरच्या एका मुलानं विचारलं होतं, की गर्जनला असे तीन दोस्त असताना त्याच्या एकट्याच्या पुस्तकात ते त्याच्या मदतीला का येत नाहीत. ताई त्या प्रश्नानं कितीतरी दिवस हैराण होत्या. दोस्त दुसऱ्या कामात गुंतलेत, हे एकदा चालेल, दर महिन्याला कसं चालेल? एका दुपारी कचेरीबाहेरच्या लिंबाखाली डबा खाताना त्यांनी घास हातात ठेवूनच मला सांगितलं, की त्याला हाक मारता येत नाही. मला समजलं नाही. मग त्यांनी समजावलं. हाक मोठ्यानं मारावी लागते. यानं मोठ्यानं हाक मारली तर मधली घरं पडतील. म्हणून हा संकटात असला की कुणाला बोलावूच शकत नाही. हे सांगताना त्यांचा आवाज वर गेला होता. आजूबाजूचे कारकून वळून बघू लागले, तशा त्या गप्प झाल्या आणि घास खाल्ला.

मग पावसानं दगा दिला. एक साल गेलं, दुसरं गेलं. ताई दिवसभर टँकरचे आदेश टाइप करायच्या, कुठल्या गावाला किती खेपा, कुठली विहीर ताब्यात घेतली. बोटं दुखायची. संध्याकाळी रस्त्यानं जाताना त्यांचे ओठ हलेनासे झाले होते, ते भाजीवाल्या बायकांच्याही लक्षात आलं. एकदा त्या मला म्हणाल्या की दिवसा गावांची नावं टाइप करायची आणि रात्री कुठल्या तोंडानं खडक फोडायचे.

इकडे भाऊसाहेबांनी दुष्काळ विशेषांक काढायचं ठरवलं. गोष्टही त्यांनीच सुचवली. गर्जन डोंगरावर चढतो, ढगांकडे बघून ओरडतो, पाऊस कोसळतो. मी निरोप घेऊन गेलो. ताईंनी नकार दिला. त्याऐवजी त्यांनी जी गोष्ट लिहून माझ्या हाती दिली ती वाचून मी गाडीत परत परत पानं उलटली, शेवटचं पान राहून गेलं की काय म्हणून. गर्जन एका गावात जातो. तिथली विहीर खडकाला लागली आहे. गावकरी लांब जाऊन उभे राहतात. तो एकटा आत उतरतो, ओरडतो, खडक फुटतो. लोक काठावरून वाकून बघतात. खाली कोरडे दगड. कुणी त्याला बोल लावत नाही. एकेक जण आपला दोर गोळा करून घरी जातो. तो काठावर बसून राहतो. संपलं.

भाऊसाहेब म्हणाले की नायक हरला तर पुस्तक कोण घेईल. त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. छापखाना त्यांना चालवायचा होता. त्यांनी मेव्हण्यांकडून पावसाची गोष्ट लिहून घेतली आणि ताईंना कळवलं की हा अंक तुमच्याशिवाय निघेल, आणि तुमचा असाच हेका राहिला तर पुढचेही निघतील. गर्जन छापखान्याचा, लिहिणाऱ्याचा नाही, हेही कळवलं. ते खरंच होतं, मुखपृष्ठावर नावसुद्धा त्यांचं नव्हतं.

ताई रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं की छापायच्या आधी भाऊसाहेबांनी दोन्ही गोष्टी घेऊन माझ्या बहिणीच्या गावाला यावं, तिथल्या पोरांना वाचून दाखवाव्यात. पोरांना पाऊस आवडला तर मी पुन्हा शब्द काढणार नाही. भाऊसाहेबांना ही कल्पना रुचली. माणूस हट्टी होता, पण अशा कामाला मागे सरणारा नव्हता.

आम्ही तिघं चाकूरला उतरलो आणि तिथून उन्हात चालत गेलो. वेशीजवळ घागरी, डबे, हंडे यांची लांब रांग लावलेली होती आणि टँकरचा पत्ता नव्हता. मोठी माणसं रोजगार हमीच्या कामावर गेलेली. नंबर धरायला पोरं बसवलेली. ताईंची बहीण आली, तिनं पोरांना एका जागी गोळा केलं, पण प्रत्येकाचं एक लक्ष आपल्या घागरीकडे.

आधी भाऊसाहेबांनी पावसाची गोष्ट वाचली. आवाज त्यांचा भारदस्त, वाचतही छान. पोरं खूश झाली. गर्जन ओरडला तिथं त्यांनी कान झाकले, पाऊस पडला तिथं टाळ्या वाजवल्या. गोष्ट संपल्यावर दोघा-तिघांनी वर आभाळाकडे बघितलं. एक सात-आठ वर्षांची मुलगी होती, केसांत तेल नसलेली, तिनं सहज सांगावं तसं सांगितलं, "आमच्या सरपंचाचाबी आवाज लई मोठा हाय. न्हाई पडला." बाकीची हसली आणि उठून आपापल्या घागरींकडे जायला लागली.

मग ताईंनी वाचायला घेतलं. त्यांचा घरातला आवाज मला माहीत होता आणि कचेरीतलाही. हा तिसराच होता, साधा, शेजारी बसलेल्याशी बोलावं तसा. गेलेली पोरं अर्ध्या वाटेतून परत आली. विहिरीत खाली कोरडे दगड दिसले तेव्हा कुणी हसलं नाही की टाळ्या वाजवल्या नाहीत. ताईंनी कागद खाली ठेवले. मला वाटलं, हरलो.

तीच मुलगी म्हणाली, "मंग?"

ताई म्हणाल्या, मग तो मंडळाकडं जातो. पायी. ते पुढच्या पुस्तकात.

"पायी कामून? हाक मारायची की."

ताई उत्तर देणार तेवढ्यात मागून एक पोरगा वैतागून म्हणाला, "येडे, त्यानं हाक मारली तर समद्यांची घरं पडतील ना."

मुलीनं विचार केला आणि मान हलवली. मग सगळ्यांनी मिळून ताईंना घेरलं. मंडळ किती लांब राहतं, तो वाटेत काय खातो, ते येतील का, डोळसला पाणी दिसेल का. ताईंनी काहीच सांगितलं नाही. इतक्यात टँकर आला आणि पोरं उधळली. भाऊसाहेब तिथंच उभे होते. एका लहान मुलाला हंडा उचलेना, तर त्यांनी तो उचलून पुढे सरकवला, मग त्याच्या मागच्याचा. धोतर भिजलं, चिखलानं भरलं. 

स्टँडवर चहा घेताना त्यांनी ताईंना सांगितलं की तुमची गोष्ट छापतो, पण पुढच्या पुस्तकात पाणी लागलं पाहिजे. ताईंनी ते कबूल केलं. मग म्हणाल्या, "भाऊसाहेब, एक अर्ज आहे. याच्यावर माझं नाव टाका. लता सोनकांबळे. पुरं."

भाऊसाहेबांनी बशीतला चहा संपवला. विकणारे काय म्हणतील ते सांगता येत नाही, असं ते हळू आवाजात म्हणाले. ताईंनी ऐकून घेतलं. त्यांनी पुन्हा मागितलं नाही आणि मागणं परतही घेतलं नाही. नांदेडची गाडी लागली, तसे भाऊसाहेब उठले, पायरीवर एक पाय ठेवून मला म्हणाले की पेंटर, नाव मोठ्या अक्षरांत काढा, चित्रात हरवायला नको.

कोरड्या विहिरीचा अंक निघाला, आणि त्याच्या मागोमाग वीरमंडळाचा. त्यात डोळस विहिरीपासून बऱ्याच लांब एका जागी बोट ठेवतो, वारू शेजारच्या गावांतून माणसं गोळा करून आणतो, सावली फटीतून खाली जाऊन ओल बघून येते. गर्जन मोठ्यानं ओरडतच नाही. डोळस दाखवील तिथं लहान लहान आवाज काढतो, आणि प्रत्येक वेळी मागे बघतो. मधलं खोदकाम माणसं करतात. पाणी लागतं ते घोट्याएवढं, गढूळ. मी कारंजं काढलं होतं, ते ताईंनी खोडायला लावलं. एक घागर भरायची, थांबायचं, पुन्हा भरायची, एवढंच पाणी काढा, म्हणाल्या. शेवटच्या चौकटीत मी घागरींची रांग काढली आणि विचारलं, रांगेत गर्जन कुठं उभा करू? त्या म्हणाल्या, कुठंबी करा, पण ओळखू येऊ देऊ नका.

त्या मंडळाच्या अंकावर दोन नावं होती. ताईंनीच मेव्हण्यांचं नावही टाकायला लावलं होतं, कारण मंडळाची सुरुवात त्यांनी केली होती. एका विक्रेत्यानं गठ्ठा न सोडता परत पाठवला. कारण लिहिलं नव्हतं. भाऊसाहेबांनी पुढच्या महिन्यापासून त्याला पुस्तक पाठवणं बंद केलं. त्यांनी कारण कळवलं नाही. ताईंना हे कुणी सांगितलं नाही, पण त्यांना समजलं असावं.

कचेरीतही समजलं. इतके दिवस गरीब स्वभावाच्या बाई म्हणून ओळखणाऱ्यांनी ते नाव स्टँडवर दोरीला लटकलेलं बघितलं. कुणी अभिनंदन केलं, कुणी काहीच बोललं नाही, आणि साहेबांनी आपल्या मुलासाठी मागचे अंक मागितले. ताईंनी सांगितलं की स्टँडवर मिळतात.

पुढे घरोघरी टीव्ही आले, पोरांचे रविवार तिकडे गेले. पुस्तक दोरीवरच पिवळं पडू लागलं. भाऊसाहेबही थकले. शेवटचा अंक काढायचा ठरला तेव्हा ते म्हणाले की शेवट धडाक्याचा करा, आणि खाली समाप्त लिहा. ताईंनी नेहमीसारखीच एक गोष्ट लिहिली. तिच्या अखेरीस गर्जन सकाळच्या पाळीला खिडकीत येऊन बसतो. मी समाप्त हा शब्द काढायला जागा सोडली होती. ताईंनी ती जागा बघितली आणि म्हणाल्या, "तो कुठं चाललाय? आपण चाललोत." तिथं मी खिडकीबाहेर टेकवून ठेवलेली एक सायकल काढली.

त्यानंतर आमच्या भेटी विरळ होत गेल्या. आई गेल्याचं कळलं तेव्हा मी जाऊन आलो. पुढे त्या निवृत्त होऊन नायगावला परत गेल्याचं कानावर आलं. जाऊ जाऊ म्हणताना वर्षं गेली.

मग एका एप्रिलमध्ये मी देगलूरकडे एका लग्नाला निघालो होतो. नायगावात गाडी थांबली ती थांबलीच. जयंतीची मिरवणूक रस्त्यावर होती. निळे झेंडे, गाण्यांचा दणका, पांढऱ्या साड्यांतल्या बायका, गुलालात माखलेली पोरं. ऊन मी म्हणत होतं. गाडीतले लोक कुरकुर करू लागले. रस्त्याच्या कडेला मांडव होता, तिथून काही बायका सरबताचे स्टीलचे ग्लास ताटात घेऊन अडकलेल्या गाड्यांकडे आल्या आणि खिडक्या-खिडक्यांतून देऊ लागल्या. माझ्या खिडकीशी एक म्हातारी बाई आली. केस पूर्ण पांढरे, चष्मा नाकावर घसरलेला. तिनं मान वर न करता ग्लास पुढे केला. मी तो घेतला तेव्हा बोटांकडे बघून मला कळलं, माझ्या चित्रांवर पेन्सिलीनं बाण काढणारी तीच बोटं.

मी सरबत पिऊन टाकलं. ग्लास हातातच ठेवून म्हणालो, "ताई."

त्यांनी वर बघितलं. चष्मा सारखा केला. चेहऱ्यावर ओळख यायला जरा वेळ लागला, पण आली, आणि डोळे लहान होऊन त्या हसल्या.

"पेंटर," त्या म्हणाल्या. मग हात पुढे केला. "ग्लास द्या आधी. मागं लोक तहानलेत."

मी ग्लास दिला. त्यांनी तो ताटात ठेवला, भरलेला दुसरा उचलला आणि मागच्या खिडकीकडे गेल्या.